डबल आला, आता पळायचं कुठे?

पावसाळ्यातल्या जव्हार ट्रिपचा एक फिक्स सीन असतो, मंडळी. शुक्रवारी ऑफिसमधून निघताना यादी भलतीच लांब असते. दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट, जयविलास पॅलेस, शिर्पामाळ आणि जमलंच तर मोखाड्याकडे सूर्यमाळ. शनिवारी सकाळी खिडकीबाहेर दिसतं ते फक्त पांढरंफटक धुकं. पाऊस आडवा-तिडवा, मोबाइलची रेंज येऊन-जाऊन, लाइट गायब. अशा वेळी धबधब्याखाली जायचा अगोचरपणा करायचा नसतो आणि आवणीच्या गडबडीत असलेल्या गावकऱ्यांच्या खाचरात फोटोसाठी घुसायचं तर मुळीच नसतं. मग कुणीतरी बॅगेतून पत्त्यांचा कॅट काढतं.

बदाम सात होतं. मेंढीकोट होतं. चॅलेंजमध्ये सगळे सगळ्यांना खोटारडे ठरवून मोकळे होतात. आणि घड्याळात तर जेमतेम अकरा वाजलेले असतात! अशा चौघांसाठीच आजचा कॉलम. चार जण, एक कॅट आणि अख्खा दिवस हातात असेल, तर ब्रिजसारखा दुसरा खेळ नाही, बॉस.

‘ब्रिज? तो तर जिमखान्यातल्या काकांचा खेळ!’ अशी रिअॅक्शन येणार, माहीत आहे. काका खेळतात हे खरं. पण त्याच काकांनी देशाला मेडल आणलंय. २०१८च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये ब्रिज पहिल्यांदा आलं आणि ६० वर्षांचे प्रणब बर्धन आणि ५६ वर्षांचे शिबनाथ सरकार या कोलकात्याच्या जोडीने गोल्ड मारलं. २०२३मध्ये झालेल्या हांगझोऊ गेम्समध्ये भारताच्या पुरुष टीमला सिल्व्हर मिळालं. त्या टीममध्ये आपल्या मुंबईचा जग्गी शिवदासानीही होता. जिममध्ये न जाता एशियाडचं मेडल मिळवून देणारा खेळ आहे हा, जरा रिस्पेक्ट!

मेंढीकोट येत असेल तर निम्मं ब्रिज तुम्हाला येतंच. समोरासमोर बसलेले पार्टनर, हुकूम, हात करणं, सगळं तेच. फरक इतकाच की हुकूम कुठला आणि हात किती करणार, याचा आधी लिलाव होतो. एक्क्याचे ४ पॉइंट, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. अख्ख्या कॅटमध्ये ४० पॉइंट, म्हणजे सरासरी प्रत्येकाकडे १०. बोली करायची ती सहाच्या वरच्या हातांची. ‘१ बदाम’ म्हणजे बदाम हुकूम आणि ७ हात. ‘१ नो ट्रम्प’ म्हणजे हुकूमच नाही आणि ७ हात. गेमचा मोठा बोनस हवा असेल तर दोघांचे मिळून २५च्या आसपास पॉइंट लागतात. बोली झाली की एक जण आपले पत्ते टेबलावर उघडे मांडून चहा करायला मोकळा. तो डमी.

आता खरा मुद्दा. पहिली बोली ‘१ नो ट्रम्प’ करायची तर हातात काय हवं? पत्ते चारही रंगांत सारखे वाटलेले हवेत, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पॉइंट किती, इथे जगाचे दोन गट पडतात. अमेरिकन घराणं म्हणतं १५ ते १७. हा स्ट्राँग नो ट्रम्प. ब्रिज बेस ऑनलाइनवरचे रोबो हाच खेळतात. इंग्लंडमधलं अॅकॉल घराणं म्हणतं १२ ते १४. हा वीक नो ट्रम्प.

वीक नो ट्रम्पची गंमत अशी की १२ ते १४ पॉइंट १५ ते १७च्या साधारण दुप्पट वेळा येतात. म्हणजे ही बोली सारखी करायला मिळते. एका दमात तुम्ही पार्टनरला सगळं सांगून टाकता आणि समोरच्यांना बोलायचं तर थेट दोनच्या पायरीवर यावं लागतं. त्यांची चांगलीच गोची होते. प्रॉब्लेम एकच. तुमच्याकडे १२, पार्टनरकडे ३ आणि उरलेले २५ त्या दोघांकडे. डावीकडचा शांतपणे म्हणतो, ‘डबल’. म्हणजे तुम्ही आपटाल याची त्याला खात्री आहे आणि आता दंड वाढीव दराने.

तो दर एकदा बघून घ्या. ब्रिजमध्ये प्रत्येक डावाला ठरलेलं असतं की कुठली जोडी ‘व्हल्नरेबल’, म्हणजे कुणासाठी बक्षीस आणि दंड दोन्ही महाग. डबलमध्ये एक, दोन, तीन हात कमी पडले तर साध्या डावात १००, ३००, ५०० जातात. व्हल्नरेबल असाल तर २००, ५००, ८००. आणि १ नो ट्रम्प डबलशिवाय नीट केला तर मिळतात किती? फक्त ९०! नव्वदच्या कमाईसाठी आठशेची रिस्क. मग शहाणी माणसं हा वीक नो ट्रम्प खेळतात तरी का? कारण पळायचं कसं, हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

ठरवलेलं नसेल तर काय होतं, ते गेल्या पावसाळ्यात आमच्याच ग्रुपमध्ये बघायला मिळालं. एक आयटीवाला, त्याची पार्टनर बँकेतली. दोघंही खेळायला एकदम शार्प. डाव व्हल्नरेबल. त्याने १ नो ट्रम्प म्हटलं, डावीकडून डबल आला. तिच्याकडे होती चौकटची राणी, दश्शी आणि खाली चार बारकी पानं, बदामाचं एकुलतं एक पान आणि बाकी सगळा कचरा. तिने सरळ ‘२ चौकट’ म्हटलं. तिच्या मते याचा अर्थ ‘माझ्याकडे लांबलचक चौकट आहे, गप्प बस’. त्याच्या मते याचा अर्थ ‘माझ्याकडे पाच बदाम आहेत, तू बदाम बोल’. ही ट्रान्सफर नावाची भानगड, सांगतेच पुढे. तो म्हणाला ‘२ बदाम’. डबल. ती घाबरून ‘३ चौकट’. त्याला वाटलं, अरे वा, हिच्याकडे दोन्ही रंग आहेत! ‘३ बदाम.’ पुन्हा डबल. दोघांचे मिळून हुकूम किती? चार. करायचे होते नऊ हात, झाले चार. पाच हात कमी, १४०० पॉइंट स्वाहा.

‘अगं, तू २ चौकट का म्हणालीस?’

‘चौकट होतं म्हणून!’

‘अगं पण ट्रान्सफर...’

‘डबलनंतर कसली आलीय ट्रान्सफर?’

पुढचा अर्धा तास धुक्यापेक्षा दाट शांतता. मजा म्हणजे दोघांचंही बरोबर होतं. डबलनंतर ट्रान्सफर चालू ठेवणारे लोक आहेत आणि बंद करणारेही आहेत. दोन चांगल्या पद्धती एकाच टेबलावर, एकाच जोडीत, एकाच वेळी चालू होत्या, इतकंच.

म्हणून आज दोन गोष्टी निवडायच्या. डबल आला नाही तर पार्टनरने उत्तर कसं द्यायचं आणि डबल आला तर निसटायचं कसं. आधी उत्तरं.

समोर १२ ते १४ असताना गणित सोपं आहे. तुमच्याकडे १० किंवा कमी असतील तर गेम नाही. ११-१२ असतील तर पार्टनरला विचारा. १३च्या वर असतील तर गेमला जा. हे सांगायची तीन पॅकेजेस आहेत.

पहिलं सगळ्यात साधं. ‘२ किलवर’ म्हणजे ‘तुझ्याकडे चार बदाम किंवा चार इस्पिक आहेत का?’ हा प्रश्न. याला स्टेमन म्हणतात. कल्पना जॉर्ज रपेची, पण १९४५मध्ये छापली सॅम्युअल स्टेमनने, त्यामुळे नाव त्याचं झालं. (ऑफिसमध्ये असं कधी होत नाही, नाही का?) बाकी २ चौकट, २ बदाम, २ इस्पिक म्हणजे ‘हा माझा रंग, आता पुढे बोलू नकोस’.

दुसरं पॅकेज म्हणजे स्टेमन अधिक ट्रान्सफर. ‘२ चौकट’ म्हणजे माझ्याकडे पाच बदाम, ‘२ बदाम’ म्हणजे पाच इस्पिक. रंग पार्टनरने बोलायचा. अमेरिकेत ऑस्वल्ड जेकबीने १९५६मध्ये हे लोकप्रिय केलं. फायदा असा की पार्टनरने रंग बोलला की तुम्हाला पुन्हा बोलायची संधी मिळते. कमजोर, मध्यम, जबरदस्त, सगळ्या प्रकारचे पत्ते त्यात बसतात.

तिसरं म्हणजे दुहेरी स्टेमन. ‘२ किलवर’ने विचारलं तर फार तर आमंत्रण, ‘२ चौकट’ने विचारलं तर गेम नक्की. २ बदाम आणि २ इस्पिक म्हणजे सरळ ‘बास’.

यातलं कुठलं घ्यायचं? इथे थोडं डोकं लावा. स्ट्राँग नो ट्रम्पमध्ये ट्रान्सफर भारी पडते, कारण १६ पॉइंटवाल्याचे पत्ते झाकलेले राहतात आणि डमी म्हणून दुबळे पत्ते उघडे पडतात. वीक नो ट्रम्पमध्ये दोघांचे पॉइंट बऱ्याचदा जवळपास सारखेच असतात, त्यामुळे लपवण्यासारखं फार काही नसतंच. उलट ट्रान्सफरमुळे समोरच्यांना फुकट वेळ मिळतो. तुमच्या नकली ‘२ चौकट’ला ते डबल देऊ शकतात किंवा एक फेरी थांबून बोलू शकतात. थेट ‘२ इस्पिक’ म्हटलं की त्यांना तीनच्या पायरीवर यावं लागतं, तेही आंधळेपणाने. म्हणून वीक नो ट्रम्प नियमित खेळणाऱ्या बऱ्याच जोड्यांना तिसरं पॅकेज आवडतं.

पण तुम्ही वर्षात चार वीकएंड खेळणार असाल तर माझं मत दुसऱ्याला. ते सगळ्यांना माहीत असतं, ऑनलाइन खेळताना तेच दिसतं आणि नवा पार्टनर आला तर क्लास घ्यावा लागत नाही. फक्त एक अट. डबल आला की ट्रान्सफर चालू की बंद, हे मोठ्याने बोलून ठरवायचं.

आता पळण्याचे मार्ग. जव्हारमधून बाहेर पडायचे तीन रस्ते लोक नेहमी वापरतात. एक विक्रमगड-मनोरकडून हायवेला, एक खोडाळ्यावरून कसाऱ्याला आणि एक मोखाड्यावरून त्र्यंबक-नाशिकला. कुठलाही चुकीचा नाही. कुठे जायचंय आणि कुठल्या घाटात काय पडलंय, त्यावर ठरतं. पण चौघांनी गाडीत बसल्यावर चार वेगळे रस्ते सांगितले तर गाडी चौकातच राहते. पळवाटांचंही तसंच.

पहिली वाट अगदी सरळ. डबलनंतर सगळं नॅचरल. २ किलवर म्हणजे किलवर, २ बदाम म्हणजे बदाम. बरे पत्ते असतील तर रिडबल, म्हणजे ‘खेळूच, घाबरत नाही’. विसरायला काही नाही, हा मोठा प्लस पॉइंट. उणीव एकच, पण मोठी. तुमच्याकडे चार-चार पानांचे दोन रंग असतील तर दोन्ही सांगता येत नाहीत. एकावर डोळे मिटून बोट ठेवावं लागतं.

दुसऱ्या वाटेत रिडबलचा अर्थच बदलतो. रिडबल म्हणजे ‘माझ्याकडे एकच लांब रंग आहे, तू २ किलवर म्हण’. पार्टनरने ते म्हणायलाच हवं. तुमचा रंग किलवर असेल तर पास करा, नाहीतर आपला रंग सांगा. आणि रिडबल न करता थेट बोललात तर दोन रंग. २ किलवर म्हणजे किलवर आणि वरचा कुठला तरी. २ चौकट म्हणजे चौकट आणि वरचा एक. २ बदाम म्हणजे बदाम आणि इस्पिक. पास म्हणजे ‘राहू दे, इथेच ठीक आहे’.

तिसरी वाट थोडी डेअरिंगबाज. डबलनंतर तुम्ही पास केलं की पार्टनरने रिडबल करायचाच. मग तुमच्याकडे दम असेल तर पुन्हा पास आणि तोच रिडबल खेळायचा. दम नसेल तर आता दोन रंगांपैकी खालचा सांगायचा. एकच लांब रंग असेल तर तो सुरुवातीलाच थेट बोलायचा. ही वाट जमली तर बक्षीस जबरदस्त आहे. डबलमधला १ नो ट्रम्प नेमका ७ हातांचा झाला तर १८०, पण रिडबलमध्ये झाला तर साध्या डावात ५६० आणि व्हल्नरेबल असाल तर ७६०! पण मधल्यांची पंचाईत होते. सहा-सात पॉइंट आणि ४-३-३-३ अशी सपाट वाटणी असेल तर ‘नुसत्या डबलमध्ये गुपचूप बसतो’ हा पर्यायच उरत नाही. पळा, नाहीतर रिडबल झेला.

एक उदाहरण घेऊ. पार्टनरकडे इस्पिक राजा-८-३, बदाम राणी-९-७-४, चौकट एक्का-गुलाम-२, किलवर राणी-९-५. बारा पॉइंट, टिपिकल वीक नो ट्रम्प. तुमच्याकडे इस्पिक राणी-७-५-२, बदाम गुलाम-८-६-३, चौकट ९-४, किलवर ८-६-३. तीन पॉइंट. डबल आला. पहिल्या वाटेवर तुम्ही बदाम म्हणणार की इस्पिक? टॉस करा. इस्पिक निघालं तर हुकूम सातच. दुसऱ्या वाटेवर ‘२ बदाम’ म्हणजे दोन्ही, पार्टनर आपले चार बदाम बघून पास करतो आणि हुकूम होतात आठ. आता धरून चला की नो ट्रम्पमध्ये चार हात झाले असते आणि बदामात सात होतात. साध्या डावात ५००च्या जागी १०० गेले. व्हल्नरेबल असाल तर ८००च्या जागी २००. समोरच्यांकडे मिळून २५ पॉइंट आहेत, म्हणजे त्यांचा गेम होऊ शकला असता, त्याचे त्यांना साध्या डावातही ४०० मिळाले असते. शंभर देऊन सुटलात, पार्टी तर बनती है!

आणखी एक बारकावा. डबल नेहमी डावीकडूनच येतो असं नाही. डावीकडचा पास, तुम्ही पास आणि मग उजवीकडच्याने डबल दिला तर? दुसऱ्या वाटेतले अर्थ इथे जसेच्या तसे चालतात. नो ट्रम्पवाला पास करतो आणि तुम्ही रिडबल किंवा दोन रंग सांगता. तिसरी वाट इथे चालत नाही, कारण आता तुमचा पास म्हणजे बोली संपली. एकच पाठांतर दोन्हीकडे चालावं, या एका कारणासाठी मी नव्या जोडीला दुसरी वाट घ्यायला सांगेन. ज्यांना तेवढंही नको, त्यांनी पहिली घ्यावी आणि निवांत खेळावं. आणि दंडाचीच भीती असेल तर आणखी एक सोपी सोय आहे. साध्या डावात वीक नो ट्रम्प आणि व्हल्नरेबल असताना स्ट्राँग. असं खेळणाऱ्या जोड्याही आहेत.

पण कुठलीही वाट घेतलीत तरी एक नियम सगळ्यांना लागू. पळायचं की नाही, हे नो ट्रम्प बोलणाऱ्याने ठरवायचं नाही. त्याने ‘१२ ते १४, सगळं सारखं वाटलेलं’ असं सांगून आपलं पूर्ण पान उघडं केलंय. त्याचे पत्ते पार्टनरला माहीत आहेत, पार्टनरचे त्याला नाहीत. म्हणून निर्णय पार्टनरचा. डबल ऐकून छातीत धडधडलं तरी याने पास करायचा आणि समोरच्यावर विश्वास ठेवायचा. ऐकायला सोपं आहे, पण करायला हे ब्रिजमधलं सगळ्यात अवघड काम. सगळं सांगून झाल्यावर गप्प बसायचं, ही गोष्ट मीटिंगमध्ये तरी आपल्याला कुठे जमते?

आणि पार्टनरनेही हे लक्षात ठेवायचं की आता दोघांची जबाबदारी त्याच्यावर आहे. ४-३-३-३ आणि तीन पॉइंट असतील तर पळायला घरच नसतं, कधी कधी मार खावाच लागतो. त्यावर नंतर ‘तू नो ट्रम्प म्हणालासच का?’ असा सूर लावायचा नाही. त्याने ठरल्याप्रमाणेच केलं.

ठरवायचं सगळं आधी, हे आणखी एका कारणासाठी. डबल आल्यावर तुम्ही दोन मिनिटं छताकडे बघत बसलात तर तुमच्या त्या विचारातूनच पार्टनरला बरंच कळतं आणि त्याचा फायदा घेणं नियमात बसत नाही. तसंच तुमच्या बोलींचे ठरलेले अर्थ गुपित ठेवायचे नसतात. समोरच्यांनी विचारलं तर सांगावे लागतात. पत्ते लपवा, पद्धत नाही. भुवया उडवणं, खोकणं, टेबलाखालून पाय मारणं हे मेंढीकोटमधले आपले राष्ट्रीय फंडे इथे सरळसरळ चीटिंग.

तर पुढच्या वेळी पत्ते पिसण्याआधी पार्टनरला पाच प्रश्न विचारा. आपला नो ट्रम्प किती पॉइंटचा? व्हल्नरेबल असतानाही तोच का? उत्तरांचं कुठलं पॅकेज? डबलनंतर ट्रान्सफर चालू की बंद? आणि रिडबल म्हणजे ‘खेळू’ की ‘वाचव’? पाच उत्तरं एका कागदावर लिहा आणि तो दोघांनीही वाचा. पाच मिनिटांचं काम आहे. १४०० पॉइंटनंतरच्या त्या अर्ध्या तासापेक्षा खूप स्वस्त.